हेड स्टडीत रंग मळतो तेव्हा आधी टोन तपास

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत पेंटिंगच्या पदवीचं दुसरं वर्ष, तासगावहून रोज एसटीनं येणं-जाणं. ऑइलमध्ये हेड स्टडी, म्हणजे समोर बसलेल्या मॉडेलच्या डोक्याचा अभ्यास, करताना रंग मळतो. चेहरा एकतर मातकट होतो, नाहीतर खडू फासल्यासारखा पांढुरका. काम वेळेत पुरं होत नाही. सर येऊन ‘ड्रॉइंग बघ’ म्हणतात आणि पुढच्या इझलकडे जातात. ट्यूबांवर पैसे जातात आणि घरून ‘अप्लाइडला (जाहिरात, मांडणी, इलस्ट्रेशनच्या शाखेला) बदलून घे’ असा धोशा चाललाय. शेवटी विचारलंयस की स्किन टोन मिसळायचा एखादा खात्रीचा चार्ट आहे का. एकेरीतच लिहितो, चालेल ना?

चार्ट भरपूर मिळतील, पण तुझ्या कामाला कुठलाच येणार नाही. चार्ट फार तर ‘यलो ऑकर अमुक, लाइट रेड तमुक’ एवढं सांगेल. तो रंग मॉडेलच्या गालावर त्या खिडकीच्या उजेडात किती गडद दिसतो, हे तो सांगू शकत नाही, आणि तू अडकतेस ती तिथेच. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात ज्याला सगळे ‘रंगाचा प्रॉब्लेम’ म्हणतात, तो दहातल्या आठ कामांत टोनचा, म्हणजे रंग किती गडद किंवा फिका आहे त्याचा, प्रॉब्लेम असतो. टोन चुकला की आपण रंग बदलत बसतो, बदलताना ओल्यावर ओला रंग चढतो, तीन-चार थरांनंतर सगळं राखाडी-तपकिरी होतं. मळणं हा शेवट झाला. सुरुवात पहिल्या दोन तासांत झालेली असते. सरांच्या ‘ड्रॉइंग बघ’मध्येही बहुधा हेच आहे. नाकाची रेघ चुकली एवढंच त्यांना म्हणायचं नसतं. उजेडाचा आणि सावलीचा भाग कुठे वेगळा होतो, ती सीमा तू काढलेली नाहीस, असं म्हणायचं असतं. नुसतं ‘ड्रॉइंग बघ’ म्हणून हे कुणाला कळणार, हा भाग वेगळा.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधी बाजूला काढू. वर्गाची खिडकी उत्तरेची असेल तर उजेड दिवसभर जवळपास स्थिर राहतो. पश्चिमेची असेल तर दुपारनंतर चेहऱ्यावरची सावली सरकते आणि रंगही पिवळा होतो. मग सकाळची सावली पक्की करून दुपारी तिला हात न लावणं एवढंच आपल्या हातात. ट्यूबलाइट चालू असेल तर वरून आणि खिडकीतून असे दोन उजेड एकमेकांची सावली खातात. सरांना विचारून मॉडेलवरची ट्यूब बंद करता आली तर निम्मं काम सोपं होतं. आणि जागा. एसटी उशिरा पोचली की मॉडेलच्या मागची किंवा उजेडाविरुद्धची जागा वाट्याला येते. एकाच बाजूनं, साधारण ४५ अंशांतून उजेड पडलेला तीन-चतुर्थांश, म्हणजे थोडा बाजूला वळलेला, चेहरा शिकायला सर्वांत सोपा. हेड स्टडी सुरू होते त्या दिवशी तरी एक गाडी आधीची पकड. पुढचे दिवस तीच जागा राहते.

आता प्रत्यक्ष काम. समज, दोन दिवसांत मिळून १० तास मिळाले. ते साधारण असे वाटावेत: मांडणी आणि ड्रॉइंगला दीड तास, अंबरमध्ये (गडद तपकिरी माती-रंगात) उजेड-सावली पाडायला एक तास, सपाट रंगांचे ढोबळ भाग लावायला दोन, चेहऱ्याच्या पातळ्या म्हणजे प्लेन्स वळवायला तीन, डोळे-नाक-ओठ यांना दीड, आणि कडा व शेवटच्या दुरुस्त्यांना एक. वेळेत काम संपत नाही असं म्हणणारे बहुतेकजण दुसऱ्याच तासाला डोळा रंगवत असतात. तो डोळा सुंदर होतो आणि पुढे डोकं अर्धा इंच डावीकडे असल्याचं लक्षात आल्यावर पुसावा लागतो. पुसवत नाही म्हणून अख्खं डोकं त्या डोळ्याभोवती वाकवलेलं मी कितीतरी कामांत पाहतो.

मॉडेल बसलं की खुर्चीच्या चारही पायांना आणि मॉडेलच्या पावलांना खडूनं खूण करा, नजर जिथे जाते तिथे भिंतीवर कागदाचा तुकडा चिकटवा. २५ मिनिटं बैठक, ५ मिनिटं विश्रांती, हे घड्याळ लावून पाळलं तर मॉडेल दमत नाही आणि मान खाली सरकत नाही. तू मॉडेलपासून निदान ६ फूट लांब राहा, आणि दर दहा मिनिटांनी आणखी मागे जाऊन काम आणि मॉडेल एकत्र बघ. डाँकीवर (बसून चित्र काढायच्या बाकड्यावर) बसून हेड स्टडी करू नकोस, उभी राहा. बसलेला माणूस मागे जात नाही.

ड्रॉइंग चारकोलनं, आणि फक्त एवढंच: डोक्याची एकूण उंची-रुंदी, मानेचा कल, खांद्याची रेघ, डोळ्यांची रेषा (समोरून पाहताना कवटीच्या साधारण निम्म्यावर येते, नवशिके ती हमखास वर नेतात आणि कपाळ कापतात), नाकाचा तळ, हनुवटी, कानाची जागा. त्यानंतर सावलीची सीमा. भुवईखालून निघून नाकाच्या बाजूनं, गालावरून जबड्यापर्यंत आणि पुढे मानेवर उतरणारी ती एक सलग रेघ. ती सापडली नाही तर रंगाला हात लावायचा नाही.

मग कोरड्या फडक्यानं चारकोल झटकून टाक. फिकट खूण उरेल, तीवरून पातळ अंबरनं पुन्हा काढ. हे न करण्यानं बरीच कामं मळतात आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही: कॅनव्हासवर सुटी राहिलेली कोळशाची पूड पहिल्याच उजेडाच्या रंगात मिसळते आणि कपाळ राखाडी होतं. मग आपण त्यात पांढरा घालतो. पुढचं तुला माहीतच आहे.

अंबरचा थर फक्त टर्पेंटाइनमध्ये, चहाच्या पाण्याइतका पातळ. आधी सावलीचा सगळा भाग एकसंध भर: केस, डोळ्यांची खोबण, नाकाखालचं, गालाची बाजू, हनुवटीखालचं, मान. आत तपशील नको. जास्त झालं तर फडक्यानं पुसून उजेड काढ. डोळे किलकिले करून बघितलं की मॉडेल आणि काम दोन्हींत दोनच आकार दिसले पाहिजेत, एक उजेडाचा आणि एक सावलीचा. बर्न्ट अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो बाकीच्या रंगांपेक्षा लवकर सुकतो; खालच्या थराला तो वापरण्यामागे हेही एक कारण आहे.

यानंतर रंग, पण कॅनव्हासवर नाही, पॅलेटवर. पॅलेट नाइफनं पाच ढीग कर: उजेड, अर्धा उजेड, वळणाचा मधला टोन, सावली आणि अगदी गडद. प्रत्येक ढीग सुपारीएवढा तरी हवा. नाइफच्या टोकावर थोडा रंग घेऊन हात लांब कर, एक डोळा मिटून तो मॉडेलच्या त्या भागाशेजारी धर. गडद आहे की फिका, एवढंच ठरव. लालसर की पिवळसर ते नंतर. या ढिगांना अर्धा तास जातो आणि शेजारचा तोवर गाल रंगवून मोकळा झालेला असतो, म्हणून कुणालाच ते करावंसं वाटत नाही. केलंस तर पुढचे तीन तास रंग शोधावा लागत नाही.

एक नियम पाठ कर. उजेडाच्या भागातला सर्वांत गडद टोनसुद्धा सावलीच्या भागातल्या सर्वांत फिक्या टोनपेक्षा फिकाच हवा. जबड्याच्या कडेला शर्टाचा किंवा भिंतीचा परतलेला उजेड दिसतो, तो डोळ्याला फार चमकतो आणि सगळेच तो गालाइतका फिका लावतात. डोळे किलकिले करून बघ, तो सावलीतच विरघळतो. तो जिथे फाजील फिका झाला, तिथे चेहऱ्याची गोलाई मोडली.

पांढुरकेपणाचं कारण टायटॅनियम व्हाइट. तो रंग फिका करतो खरा, पण त्याचबरोबर थंड आणि निस्तेजही करतो. आपल्याकडे मॉडेल म्हणून बहुधा उन्हात राबलेला म्हातारा बसतो, डोक्याला पांढरी टोपी किंवा फेटा. पॅलेटवरचा खरा पांढरा त्या टोपीच्या उजेडातल्या एका तुकड्यासाठी लागतो. टोपीची सावलीतली बाजू आणि कपाळाचा उजेडातला भाग पुष्कळदा जवळपास एकाच टोनचे असतात. शेजारी शेजारी धरून तपास, दचकशील. म्हणजे कपाळाला पांढरा अगदी चिमूटभर. त्वचा फिकी करायला आधी यलो ऑकर, मग ऑकरमध्ये कणभर व्हर्मिलियन (शेंदरी लाल), आणि त्याउप्पर गरज उरली तरच पांढरा. खिडकीचा उजेड थंड असेल तर कपाळावरची चकाकी किंचित निळसर आणि सावली उबदार दिसते. सावलीसाठी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा), सिएना जास्त. सावलीत पांढरा जवळजवळ नको. काळ्यानं सावली करायची सवय असेल तर सध्या ती ट्यूब घरीच ठेव: काळा आणि ऑकर मिळून हिरवट होतात, हनुवटीखाली शेवाळ आल्यासारखं दिसतं ते त्यामुळे. काळाच निळ्यासारखा वापरून ऑकर, व्हर्मिलियन, काळा आणि पांढरा एवढ्या चारांत उत्तम पोर्ट्रेट होतात, स्वीडनच्या अँडर्स झोर्नचं नाव त्या पॅलेटशी जोडलेलं आहे. पण त्यासाठी टोन आधी बसलेला लागतो.

मळण्याची बाकी कारणं झटपट सांगतो. एका मिश्रणात पांढरा सोडून तीनपेक्षा जास्त रंग. उजेडाचा आणि सावलीचा ब्रश एकच. टर्पेंटाइनचा डबा गढूळ. आणि लावलेल्या रंगावरून ब्रश पुन्हा पुन्हा फिरवणं. रंग ठेवायचा आणि हात उचलायचा. चुकला तर नाइफनं खरवडून नवा ठेवायचा. दोन टोनांमधली कड मऊ करायची तर मधला तिसरा टोन ठेव, घासू नकोस. फ्लॅट हॉग हेअरचे (डुकराच्या राठ केसांचे) तीन मोठे ब्रश (८, १०, १२ यांच्या आसपास) आणि एक बारीक गोल, एवढे पुरतात. बारीक ब्रश पहिल्या दिवशी बॅगेतून काढूच नये.

टर्पेंटाइन फेकू नकोस. झाकण लावून रात्रभर ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं निवळ दुसऱ्या बाटलीत ओतून परत वापरता येतं. ब्रश धुवायला मुलं रॉकेल वापरतात. धुण्यापुरतं ठीक, पण नंतर साबणानं घासून कोरडा केला पाहिजे, नाहीतर तेलकट अंश रंगात उतरतो. लिन्सीडनं (जवसाच्या तेलानं) भिजलेली फडकी बोळा करून कपाटात कोंबून ठेवू नका. लिन्सीड हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं तेव्हा उष्णता निघते, आणि बोळ्यात ती साठून आग लागू शकते. मोकळी पसरून वाळवा, मग टाका.

खर्चाचं. हेड स्टडीला खरोखर लागतात ते टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लाइट रेड किंवा इंडियन रेड, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन आणि थोडासा व्हर्मिलियन व क्रिमसन. माती-रंग स्वस्त असतात आणि तेच सर्वांत जास्त लागतात. ‘फ्लेश टिंट’ची तयार ट्यूब घेऊ नकोस. सरावाला ताणलेला कॅनव्हास परवडत नाही, परवडायचं कारणही नाही. प्लायवूडच्या दुकानात ३ मिमी हार्डबोर्डची ८ बाय ४ फुटांची शीट मिळते, तिचे १२ बाय १६ इंचांचे २४ तुकडे निघतात. तिघीचौघींनी मिळून घ्या आणि तिथेच कापून आणा. गुळगुळीत बाजू पॉलिश पेपरनं घास, अ‍ॅक्रिलिक प्रायमरचे दोन हात दे, एक आडवा, सुकल्यावर दुसरा उभा, आणि मागेही एक हात मार म्हणजे बोर्ड वाकत नाही. एक दिवस सुकू दे. भिंतीचं साधं डिस्टेंपर लावू नकोस. त्यातली खडूसारखी पूड रंगातलं तेल शोषून घेते, रंग निस्तेज होऊन आत बसतो आणि पुढे पापुद्रे सुटतात.

या तुकड्यांवर पुढचे दीड-दोन महिने आठवड्याला दोन डोकी कर, फक्त अंबर आणि पांढरा, प्रत्येकी दोन तास. मैत्रीण बसेल, घरी आजी बसेल, कुणी नसेल तर आरसा आहे. पहिल्या चार-पाचांत डोळ्यांची बुबुळंसुद्धा काढू नकोस, नुसती सावलीची खोबण. झाल्यावर मोबाइलवर काम आणि मॉडेल यांचा एकाच चौकटीत फोटो घे आणि तो कृष्णधवल कर. चूक कुठे आहे हे मग कुणाला विचारावं लागत नाही. हे जमू लागलं की ऑकर आणि लाइट रेड वाढव. निळा त्यानंतर. मोबाइलवरून फोटो बघून रंगवणं मात्र या काळात टाळ, कारण कॅमेरा सावल्या एक तर बुजवतो किंवा फाजील उघडतो, आणि आपल्याला शिकायचंय नेमकं तेच तो आपल्यासाठी ठरवून टाकतो.

सांगलीचा पावसाळा ऑइलला त्रास देतो. दमट हवेत रंग सुकायला जास्त दिवस लागतात, आणि ओलसर भिंतीला टेकवलेल्या कॅनव्हासला मागून बुरशी येते. काम भिंतीपासून चार बोटं लांब, वारा आणि उजेड असलेल्या जागी ठेव. अंधाऱ्या कपाटात लिन्सीड पिवळं पडतं. पहिल्या थरात टर्पेंटाइन जास्त आणि वरच्या थरात तेल जास्त, हा क्रम उलटा झाला तर खालचा थर सुकत हलत राहतो आणि वरचा आधी कडक होऊन तडकतो. सबमिशन दोन दिवसांवर आलं की पुष्कळजण चमक यावी म्हणून व्हार्निश मारतात. पक्कं व्हार्निश सहा महिने ते वर्षभरानंतरच. तोवर हवं तर रिटच, म्हणजे तात्पुरत्या पातळ व्हार्निशचा एक हात. आणि २०१९चा पूर कुणी विसरलेलं नाही, तेव्हा ज्युरीपर्यंत (परीक्षक काम बघतात तोवर) लागणारी कामं कॉलेजात ठेवायची झाली तर वरच्या मजल्यावर ठेवायची परवानगी जूनमध्येच काढून ठेव.

ओलं काम एसटीतून न्यायचं तर एकाच मापाचे दोन कॅनव्हास समोरासमोर धर, चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे ठेव आणि सुतळीनं घट्ट बांध. कंडक्टर कुरकुरतो, पण रंग शाबूत राहतो.

येण्याजाण्याचा वेळ फुकट जातो असं तू लिहिलंयस. चालत्या गाडीत रेघ हलते, म्हणून गाडीतलं स्केचिंग फारसं कामाचं नाही, पण स्टँडवरची पंधरा-वीस मिनिटं उत्तम. बसलेली, झोपलेली, गाठोड्याला टेकलेली माणसं. चेहरा काढू नकोस. वजन कुठल्या पायावर आहे आणि पाठीचा बाक कसा आहे तेवढंच, एका माणसाला दोन मिनिटं. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याच्या दिवसांत पोती उचलणारे हमाल, कृष्णेच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बाया, हे सगळं पुढे कॉम्पोझिशनला, म्हणजे माणसं आणि प्रसंग मांडून चित्र रचण्याला, लागणार आहे. तिसऱ्या वर्षापासून हेड स्टडीपेक्षा कॉम्पोझिशनचं वजन वाढतं, आणि तिथे स्केचबुक रिकामं असलेला विद्यार्थी मोबाइलवर फोटो शोधत बसतो.

आणि औंधला जा. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलेलं श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे. राजे स्वतः चित्रकार होते. राजा रविवर्मा, धुरंधर यांची मूळ ऑइल्स तिथे हाताच्या अंतरावरून दिसतात. छापील चित्रात जे कधीच कळत नाही ते तिथे बघ: सावल्या किती पातळ आहेत, उजेडात रंग किती जाड ठेवलाय, केस आणि पार्श्वभूमी यांची कड कुठे पूर्ण हरवलीय. पेन्सिल आणि वही ने, एका चित्रापुढे अर्धा तास उभी राहा आणि फक्त तीन टोनांत त्याचा काडेपेटीएवढा आराखडा काढ. दिवसभरात अशी सहा-सात चित्रं पुष्कळ झाली, सगळी दालनं पुरी करायचा हट्ट नको.

राहिला अप्लाइडचा प्रश्न. रंग मळतो म्हणून बदलणार असशील तर तिथेही इलस्ट्रेशनला टोन लागतोच, सुटका नाही. अक्षरं, मांडणी, दुसऱ्यानं दिलेला विषय ठरल्या मुदतीत सोडवणं यांत तुला खरंच गोडी वाटत असेल तर मात्र बदल योग्य आहे, आणि त्यात पेंटिंग ‘सोडल्याचं’ काही वाटून घेऊ नये. घरच्यांचा रोख नोकरीवर असणार. पेंटिंग केलेल्यांसाठी चित्रकला शिक्षकाची वाट आहे, एम.एफ.ए. (कलेतली पदव्युत्तर पदवी) करून कॉलेजात शिकवण्याची आहे, चित्रपट-नाटकांचं कलादिग्दर्शन, अ‍ॅनिमेशन, पोर्ट्रेटची कामं आहेत. कुठलीही पहिल्या वर्षात भरवशाचे पैसे देत नाही, हेही घरी स्पष्ट सांगून टाक. शाखा मधेच बदलता येते का, वर्ष वाया जातं का, हे तुझ्या विद्यापीठाच्या नियमांवर आणि रिकाम्या जागांवर आहे. ऑफिसात तोंडी विचारू नकोस, लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घे, आणि ते हातात येईपर्यंत अंबर-पांढऱ्याची डोकी चालू ठेव. त्यातली शेवटची चार आणि सुरुवातीची चार एका ओळीत लावून सरांना दाखव, आणि तेव्हा विचार की ‘ड्रॉइंग बघ’ म्हणजे नेमकं कुठे.